‘९९९९ इन १’ची उलटतपासणी : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

पेटी आली. आत व्हिडिओ गेमच्या चाळीसेक कार्ट्रिज, सगळ्या ६० पिनांच्या, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेम कन्सोलच्या मापाच्या. पिवळ्या, निळ्या, काळ्या, एक पारदर्शक लाल. दोन-चार सोडल्या तर कुणावरही अधिकृत कंपनीचं नाव नाही. ‘४२ इन १’, ‘११० इन १’, ‘९९९९ इन १’ अशी लेबलं, आणि त्यावर अशी चित्रं की आतल्या एकाही खेळाशी त्यांचं नातं असेल असं वाटत नाही. पाठवणाऱ्या गृहस्थांनी सोबत चिठ्ठी ठेवलीय: “यातलं जे वाचता येईल ते वाचा. मला परत नकोत. फक्त विकू नका.”

अट मान्य.

दुर्मिळ खेळ म्हटलं की बोलणं पहिल्यांदा १९९० च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स स्पर्धेच्या कार्ट्रिजवर जातं. ९० करड्या, २६ सोनेरी. संग्राहक एकेकीचा माग ठेवून असतात. पण तिच्यातला डेटा केव्हाच वाचून झालाय. त्या ११६ च्या ११६ उद्या हरवल्या तरी खेळ शाबूत राहील. माझ्या टेबलावरच्या या निळ्या डबीला मात्र कुणी विचारत नाही, आणि हिच्यातला डेटा वाचलेल्या खेळांच्या कुठल्याच यादीत नसेल तर कदाचित हीच शेवटची प्रत. या प्रकल्पापुरती व्याख्या ठरवून टाकतो: ज्याची पडताळलेली प्रत कुठेही नोंदलेली नाही ते दुर्मिळ. बाजारभाव हा वेगळा छंद आहे. त्याचे शौकीन पुष्कळ आहेत, त्यांना माझी गरज नाही.

११ जानेवारी

आधी फोटो, मग बाकी सगळं. बंद कार्ट्रिजच्या दोन्ही बाजू, उघडल्यावर बोर्डाच्या दोन्ही बाजू, आणि कडेच्या पिनांचा जवळून एक. खूण म्हणून प्रत्येकीला क्रमांक. तोच फोटोला, तोच फाइलला, तोच परत घालायच्या पिशवीला.

निन्टेंडोच्या स्वतःच्या परदेशी कार्ट्रिजना ३.८ मिमीचे खास स्क्रू असतात. यांना स्क्रूच नाहीत, नुसते खाचेत बसणारे प्लास्टिकचे दात. धातूचं काही घातलं की कड उखडते. गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी उत्तम चालते.

आत अपेक्षेप्रमाणे काळा थेंब. अधिकृत कार्ट्रिजमध्ये दोन ओळींत पाय असलेली चिप असते, तिच्यावर क्रमांक छापलेला असतो, बऱ्याचदा कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात बनली तेही. इथे तो खर्च वाचवलाय. सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट बोर्डावर चिकटवायचा, केसाहून बारीक तारांनी जोडायचा आणि वर इपॉक्सीचा थेंब ओतायचा. त्यामुळे आत काय आहे, किती क्षमतेचं आहे, कुणी बनवलंय, बाहेरून काहीच कळत नाही. चिप काढून प्रोग्रामर नावाच्या चिप वाचणाऱ्या यंत्रात लावायची सोयही नाही. उरतो एकच मार्ग: कडेच्या पिनांतून, गेम कन्सोल विचारतो तसं विचारत जाणं.

१२ जानेवारी

दिवसभर साफसफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. काड्या काळ्या यायच्या थांबेपर्यंत. काचतंतूच्या पेनाने घासायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. या बोर्डांवरचा सोनेरी मुलामा मुळातच नावापुरता आहे, पेनाने तोही जाईल. फुंकर तर मुळीच नको. फुंकरीने खेळ चालू होतो असं सगळ्यांनाच आठवतं, कारण कार्ट्रिज काढून परत बसवल्यावर पिना नव्याने टेकतात. तोंडातली वाफ तेवढी आत राहते आणि गंजायला लागते.

१९ जानेवारी

वाचन सुरू करण्याआधी थोडी बैठक, कारण पुढच्या नोंदी यावरच उभ्या आहेत.

फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला तेव्हा त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये त्याचंच भावंड एनईएस अमेरिकेत उतरलं ते ७२ पिना आणि १०एनईएस नावाची कुलूप-चिप घेऊन. ती चिप कार्ट्रिजमधल्या आपल्या जोडीदाराशी सतत बोलते, जोडीदार सापडला नाही की कन्सोल पुन्हापुन्हा रीसेट होतो. ६० पिनांच्या जगात हा पहारा कधीच बसला नाही. म्हणून ज्याला बोर्ड बनवता आला त्याचा खेळ चालला, आणि म्हणूनच माझ्या पेटीतलं सगळं ६० पिनांचं.

आता खिडकीचा हिशेब. कन्सोलच्या प्रोसेसरला एकूण ६४ किलोबाइटचे पत्ते दिसतात. त्यातला हेक्स (सोळा-आधारी मोजणीतल्या) ८००० पासून वरचा अर्धा भाग, म्हणजे ३२ किलोबाइट, कार्ट्रिजमधल्या प्रोग्रामसाठी. चित्रांसाठी वेगळी ८ किलोबाइटची खिडकी. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर इतकाच आहे: ३२ अधिक ८, एकूण ४० किलोबाइट, एक तसूभर जागा शिल्लक नाही. याहून मोठं काही हवं असेल तर खिडकीसमोरचा देखावा बदलावा लागतो. कार्ट्रिजमधलं जे सर्किट हे काम करतं त्याला आम्ही मंडळी मॅपर म्हणतो.

निन्टेंडोचे बोर्ड मोजके, त्यांचे मॅपर कधीच उलगडलेले. नकलाकारांनी मात्र हाताशी जो स्वस्त भाग आला त्यातून आपापला मॅपर रचला. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, वापरल्या जाणाऱ्या आयएनईएस फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं हेडर असतं आणि त्यात मॅपरचा क्रमांक लिहितात. जुन्या पद्धतीत २५६ क्रमांकांची सोय होती. ती अपुरी पडली म्हणून एनईएस २.० पद्धतीत ४,०९६ ची केली, वर उपक्रमांकही दिले. ही वाढ अधिकृत खेळांमुळे झालेली नाही. ती या काळ्या थेंबांची करामत.

२ फेब्रुवारी

सोप्या कार्ट्रिज उरकल्या. रीडर म्हणजे आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर बांधलेला खुल्या आराखड्याचा कार्ट रीडर. प्रत्येक कार्ट्रिज बाहेर काढून, पुन्हा बसवून परत वाचायची. वाचनं तंतोतंत जुळली तरच फाइल ठेवायची. मग हेडर बाजूला काढून उरलेल्या डेटाची सीआरसी-३२ आणि शा-१ बेरीज, म्हणजे डेटावरून मोजून काढलेला त्याचा ठसा. हेडर का काढायचं, तर ते कार्ट्रिजमध्ये नसतंच, माणसांनी नंतर चिकटवलेलं असतं. एकाच खेळाच्या दोन फाइलींत हेडरचा एक बिट वेगळा असला की बेरीज वेगळी येते आणि नवखा माणूस ‘नवी आवृत्ती सापडली’ म्हणून नाचायला लागतो.

निम्म्याहून अधिक कार्ट्रिजचा डेटा आधीच नोंदलेला निघाला. निराशा नाही. त्यांचे फोटो आणि बोर्डाचा प्रकार यादीत नव्हता, तो आता जाईल.

१५ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार. ‘९९९९ इन १’.

सरळ वाचलं तर ३२ किलोबाइट मिळतात: मेनू, त्याची अक्षरं, थोडं संगीत. बाकीचं पडद्यामागे. पडदा कुठल्या दोरीने हलतो हे शोधायचं. पहिला नेहमीचा प्रयोग म्हणजे हेक्स ८००० वर वेगवेगळे आकडे लिहून पाहणं. काहीच हललं नाही. मग आकडा तोच ठेवून पत्ता बदलत गेलो, आणि खिडकीतला देखावा बदलला. म्हणजे या बोर्डाला तुम्ही काय लिहिता याच्याशी देणंघेणं नाही. कुठे लिहिता एवढंच तो पाहतो. डेटाच्या रेषा लॅचला, म्हणजे आकडा धरून ठेवणाऱ्या चिपला, जोडायच्याऐवजी पत्त्याच्या रेषाच जोडल्या आहेत. यात एक हुशारी आहे. साध्या बोर्डावर प्रोसेसर लिहीत असताना रॉम (खेळ साठवलेली चिप) देखील त्याच रेषांवर आपला आकडा ओरडत असते आणि दोघांची टक्कर होते. पत्त्याच्या रेषांवर ओरडणारा प्रोसेसर एकटाच, म्हणून टक्करीचा प्रश्नच मिटला. एक जास्तीचा भाग वाचला. ज्याने हे रचलं त्याला मी नकलाकार म्हणेन, पण अडाणी म्हणणार नाही.

रीडरचा इथे एक मोठा फायदा. कन्सोलवर हा प्रयोग करायचा म्हटला तर चालू प्रोग्रामच्या पायाखालची जमीन सरकते आणि सगळं कोसळतं. मेनूलाही ही अडचण होतीच. म्हणून तो कन्सोलच्या २ किलोबाइट मेमरीत एक चिमुकला कोड नकलून ठेवतो, तिथे उडी मारतो, तिथून देखावा बदलतो आणि मग हेक्स एफएफएफसीवर लिहिलेला नव्या खेळाचा सुरुवातीचा पत्ता वाचून त्याच्या स्वाधीन होतो. रीडरमध्ये प्रोग्राम चालतच नसल्याने मी निर्धास्तपणे ८००० ते एफएफएफएफ प्रत्येक पत्त्यावर लिहून त्या-त्या देखाव्याची बेरीज टिपली. हजारो पत्ते, पण वेगळे देखावे मूठभरच. बाकी सगळी पुनरुक्ती. किती बिट महत्त्वाचे आणि कुठला कशासाठी हे त्या तक्त्यातूनच उलगडलं. एक बिट १६ किलोबाइटचा तुकडा हवा की ३२ चा ते ठरवतो, एक बिट पडद्याची आडवी-उभी मांडणी.

पुनरुक्ती नीट ओळखणं फार महत्त्वाचं. लोभाने दुप्पट आकार वाचला तर तोच डेटा दोनदा येतो आणि फाइल फुगते. अर्ध्यावर थांबलं तर खेळ गहाळ. शिवाय रेषेवर कुणीच बोलत नसेल तर वाचणाऱ्याला आधीच्याच आकड्याचा पडसाद मिळतो, तो डेटा समजायचा नसतो.

हिशेब लागला. प्रोग्रामचे १२८ किलोबाइट, चित्रांचे ६४. प्रोग्राममध्ये मारिओचे ३२ आणि १६-१६ चे सहा तुकडे: बॅटल सिटीवरून बेतलेला टँक, गॅलॅक्सियन, आइस क्लायंबर, बलून फाइट, पिनबॉल आणि सहावा खुद्द मेनू. गॅलॅक्सियन मुळात ८ किलोबाइटचाच, तो दोनदा लिहून तुकडा भरलाय. म्हणजे खेळ सहा.

९,९९९ ओळी आणि सहा खेळ. मेनूच्या कोडमध्ये यादी साठवलेलीच नाही. क्रमांक मोजून काढला जातो, नावं एका छोट्या तक्त्यातून फिरून फिरून येतात. त्यातल्या काही ओळी खरोखर वेगळ्या आहेत: मेनू मेमरीत एक आकडा ठेवतो आणि खेळाच्या तोंडाशी चिकटवलेला तुकडा तो उचलून मारिओला तिसऱ्या किंवा सातव्या जगात सोडतो. बाकीच्या निव्वळ भरताड. लेबल वाचून हरखलेल्यांची फसवणूक झाली हे खरं, पण ती इतक्या कमी बाइटमध्ये केलीय की कौतुकच वाटतं.

१६ फेब्रुवारी

कालच्या मेनूचं चित्र: समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, मागे एका गाजलेल्या प्रेमगीताची पिपाणीसारखी चाल. हे दृश्य या जातीच्या कार्ट्रिजवर जगभर दिसतं. खेळ सगळे दुसऱ्यांचे. मूळ मालकांची नावं आणि वर्षं शीर्षकांवरून खरवडून काढलेली. पण हा किनारा मात्र कुणीतरी नव्याने काढला. त्या माणसाचं नाव कोडमध्ये कुठेच नाही. मी अक्षरांचा तक्ता लावून सगळा डेटा चाळला.

१ मार्च

चार खेळांची एक कार्ट्रिज, मेनूच नाही. रीसेट दाबला की पुढचा खेळ. रीसेट मोजणारं सर्किट बोर्डावरच आहे. हा प्रकार नोंदलेला आहे, मॅपर ६०. रीडरला मात्र रीसेट हा प्रकारच ठाऊक नसतो. खेळ पुढे सरकवायला कन्सोलची वागणूक नक्कल करावी लागते, थोडा वेळ प्रोसेसरचं घड्याळ थांबवून पुन्हा सुरू करायचं. जमलं. पुढे.

९ मार्च

पेटीतल्या अधिकृत कार्ट्रिजपैकी दोनमध्ये बॅटरी आहे. खेळ अर्ध्यावर सोडून नंतर तिथूनच पुढे खेळता यावा म्हणून ८ किलोबाइटची मेमरी, आणि कन्सोल बंद असताना तिला जागं ठेवायला नाण्याएवढी सीआर२०३२. प्रत्यक्षात तिच्यातून इतका कमी प्रवाह जातो की काही बॅटऱ्या तीस वर्षांनंतरही तग धरून असतात. ज्यांच्यात घड्याळही चालतं त्या लवकर संपतात. गेम बॉयवरच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरची गत अनेकांनी पाहिली असेल.

एकीत ३.१ व्होल्ट, दुसरीत मेमरी टिकवायला जेमतेम. आधी दोन्हींची सेव्ह वाचून घेतली. आत कुणाकुणाची नावं आहेत, एकाने शेवटच्या किल्ल्याच्या दारापर्यंत मजल मारलेली. रॉमच्या प्रती हजारो असतील, या ८ किलोबाइटची हीच एक. मग जुनी बॅटरी काढून नवी बसवली, पट्ट्या जोडलेली. साध्या नाणे-बॅटरीवर थेट डाग (सोल्डर) देऊ नये, तापून फुटू शकते. सेव्ह परत आत लिहिली.

ती नावं बाहेर देणार नाही. मेमरीची फाइल माझ्यापाशी राहील; खेळ यादीत आहेच.

२२ मार्च

वाटायचं काय, यावर आज ठरवून टाकलं. हा भाग टाळून चालत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा कुठल्याही वैध मार्गाने विकत मिळत नव्हते. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांना दुरून वापरायला देता यावेत म्हणून कायद्यात सूट मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. संशोधकाने त्या इमारतीत जाऊनच खेळावं. म्हणजे दुकानात नाही, घरबसल्या ग्रंथालयातून नाही. उरते ती संग्राहकांची कपाटं.

तरीही बाजारात मिळत नाही म्हणून हक्क संपला, असं होत नाही. माझ्या या कार्ट्रिजची गोष्ट तर आणखी गमतीची: आतले खेळ एका कंपनीचे, त्यांची चोरी दुसऱ्याची, त्या चोरीचीही नक्कल तिसऱ्याने केलेली. तिसऱ्याची परवानगी मागायला जाणार कुणाकडे? आणि पहिल्याचा हक्क तर पूर्ण शाबूत.

म्हणून माझी विभागणी अशी. सगळ्यांसाठी खुलं: बोर्डाचे फोटो, लेबलचे स्कॅन, बेरजा, पत्त्यांचा तक्ता, मॅपरचं वर्णन, मेनूची पडद्यावरची चित्रं. हे सगळं माझं काम आहे, ते द्यायला मला कुणाला विचारावं लागत नाही. पूर्ण डेटा खुला नाही. मॅपर उलगडणाऱ्या ओळखीच्या अभ्यासकांना मी नोंदी देतो, आणि ज्याच्याकडे तीच कार्ट्रिज आहे त्याच्याशी बेरजा ताडून पाहतो. काहींना हे कंजूषपणाचं वाटतं. वाटो.

हक्कदारानेच दार उघडलं तर किती सोपं होतं याचं उदाहरण जॉर्डन मेकनर. त्याने रचलेल्या प्रिन्स ऑफ पर्शिया या खेळाचा मूळ सोर्स कोड हरवलाय असं तो धरून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉपींची पेटी सापडली, जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनरने कोड सरळ सर्वांसाठी ठेवून दिला. डूम या खेळाचा सोर्सही आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये असाच खुला केला. त्यावर आजही लोक काम करतात. अशा मालकांची संख्या वाढावी यासाठी पत्रं लिहिणं हाही संग्राहकाचाच उद्योग आहे, पण त्याला कपाटात मांडता येत नाही म्हणून तो कमी जण करतात.

५ एप्रिल

पारदर्शक लाल कार्ट्रिज आजारी आहे. प्रत्येक वाचन वेगळं. पिना स्वच्छ, बोर्डावरच्या पट्ट्या अखंड. दोष थेंबाच्या आत. इपॉक्सी, सिलिकॉन आणि बोर्ड तापमानाबरोबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात. वर्षानुवर्षं हे चाललं की एखादी बारीक तार सुटत येते. थेंबावर बोटाने दाब दिला की बेरीज बदलते, म्हणजे निदान पक्कं.

बोटाऐवजी लाकडी चिमटा आणि मध्ये रबराचा तुकडा. दाब स्थिर झाला. वाचनं जुळू लागली, पण डेटाची एक रेष कायम १ दाखवते. आठापैकी सात बिट मिळाले. प्रत्येक बाइटचा आठवा भाग गायब, हे अर्धवट वाचलेल्या पुस्तकासारखं नाही. इथे प्रत्येक शब्दातलंच एक अक्षर गेलंय. आतले बरेच खेळ ओळखीचे असल्याने त्यांच्या ज्ञात डेटाशी ताडून सात बिट जुळतात हे दाखवता आलं. मेनू मात्र नवा आहे, तो ताडायला काही नाही. फाइलवर ‘अपूर्ण’ असं स्पष्ट लिहिलं. अंदाजाने बिट भरून पूर्ण म्हणून देणं हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे; ती फाइल पुढे दहा जणांकडे जाते आणि मग खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

६ एप्रिल

एका काळ्या कार्ट्रिजमध्ये थेंब नाही, चक्क दोन ईप्रॉम. काचेच्या खिडकीची चिप, जी अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येते. अशा चिप खेळ बाजारात येण्यापूर्वीच्या नमुन्यांत सापडतात, तसंच थोड्या संख्येने नकला काढणाऱ्यांकडेही. खिडकीवरचा कागद अर्धा उचकटलेला. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत साधारण असा इशारा असतो: थेट उन्हात आठवडाभर, ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षं, आणि डेटा जातो. अंधारातही साठवलेला भार हळूहळू गळतोच. रांग मोडून हिला आधी वाचलं. वाचनं स्थिर. खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी.

डेटा ओळखीचाच निघाला, साधी नक्कल. ईप्रॉम दिसल्यावर दोन तास जी धडधड होती ती काही वाया गेली म्हणणार नाही.

३ मे

एका परिचित संग्राहकाचा निरोप. त्यांच्याकडे सीलबंद, दर्जाचे गुण देऊन प्लास्टिकच्या खोक्यात बंद केलेल्या कार्ट्रिज आहेत. “अहो, तुम्ही चोरीचा माल जपताय. तो विसरला गेला तर बरंच की.”

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यातून मूळ निर्मात्यांना काही मिळालं नाही. पण जगाच्या मोठ्या भागात या यंत्राची ओळख अशाच कार्ट्रिजमधून झाली. तिथे अधिकृत विक्रीच नव्हती. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष काय पाहिलं हे समजून घ्यायचं तर अधिकृत यादी उपयोगाची नाही. शिवाय त्यांच्या सीलबंद खोक्यातल्या बॅटरीचं काय होतंय हे ते उघडल्याशिवाय सांगू शकत नाहीत, आणि उघडलं तर गुण जातात. मी हे लिहिलं. उत्तर आलं, “उघडणार नाही. पण बोर्डाचे फोटो तुमचे छान असतात.” चालेल.

१८ मे

दूरच्या एका अभ्यासकाकडे ‘११० इन १’ आहे. माझ्याकडच्या ‘४२ इन १’शी तिच्या बेरजा शंभर टक्के जुळल्या. दोन वेगळी लेबलं, दोन वेगळे मेनू, आणि डेटा एकच!

उत्तर बोर्डावर आहे. थेंबाशेजारी डाग देण्याच्या चार जागा; माझ्याकडे एक जोडलेली, त्यांच्याकडे दोन. मेनू सुरू होताना त्या जागा वाचतो आणि त्यानुसार यादी किती लांबवायची ते ठरवतो. कारखान्यात एकच चिप बनवायची, डाग बदलून वेगवेगळी लेबलं विकायची. नुसत्या डेटाच्या फाइलीत हे कधीच दिसलं नसतं. पहिल्या दिवसापासून बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले ते यासाठीच. नोंदीत आता डागांचा नकाशा हा वेगळा रकाना.

१ जून

बहुतेक कार्ट्रिज वाचून, ताडून, पिशव्यांत परत गेल्या. ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातल्या. तीन मुक्या आहेत, त्यांचे फोटो आणि डागांचे नकाशे यादीत गेले. लाल अपूर्णच.

एक प्रश्न उरलाय. क्रमांक २७, निळी. दुसऱ्या एका संग्राहकाकडे हीच कार्ट्रिज आहे, बोर्डही तोच, आणि दोन्ही डेटांत फक्त एका बिटाचा फरक आहे, तोही चित्रांच्या भागात. पडद्यावर एका ढगाच्या कडेला माझ्याकडे एक ठिपका जास्त. दोघांचीही वाचनं कितीदाही घेतली तरी तीच. एखादी रेष खराब असती तर फरक ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आला असता. इथे तसं नाही. मग एकतर एका चिपमधली एक पेशी बिघडली, किंवा कारखान्यातच चित्र दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढली. दोन प्रती समोरासमोर असल्या की कोणती खरी हे ठरत नाही. तिसरी हवी.

बोर्डाची खूण: थेंब मधोमध नसून डावीकडे सरकलेला, उजवीकडे १६ पायांची एकच चिप, मागच्या बाजूला तांब्यात कोरलेला त्रिकोण. लेबलवर ‘२० इन १’ आणि हेलिकॉप्टर. कुणाकडे असेल तर उघडून मागची बाजू दाखवा. वाचायचं साधन नसलं तरी चालेल, त्या ढगाचा पडद्यावरचा फोटो पुरेसा आहे.